नऊ नंबर आणि तुलनावाला

"माफ करा... पण तुमचा फोन बंद आहे."

ती बाकावर बसून फोनवर भराभर बोटं चालवत होती. हॉस्पिटलच्या मागच्या अंगणात, सायकली लावायच्या पत्र्याखाली हा बाक आहे. दुपारच्या सुट्टीत तिकडे सहसा कोणी फिरकत नाही, म्हणून ती तिथे बसायची. कानात इअरफोन, शेजारी डबा, हातात फोन. आणि फोनचा पडदा काळाकुट्ट.

"बंद आहे?" तिने विचारलं. बोटं काही थांबली नाहीत.

"हो. म्हणजे, मी मघापासून बघतोय. तुम्ही मन लावून लिहिताय आणि स्क्रीनवर काहीच उमटत नाहीये. सगळं परत लिहायला लागेल तुम्हाला, म्हटलं सांगावं."

"फार उपकार झाले. आता मीही तुम्हाला एक सांगू?"

"सांगा ना."

"तुमच्या बुटाची नाडी सुटलीये."

तो खाली वाकला असावा, कारण पुढचं वाक्य गुडघ्याच्या उंचीवरून आलं. "अहो खरंच की. पण तुम्ही तर मान वरसुद्धा केली नाहीत..."

"करून काय दिसणार होतं? पायऱ्या उतरलात तेव्हापासून नाडीचं टोक फरशीवर टिकटिक करतंय. आणि फोन बंद नाहीये. पडदा मी मुद्दाम काळा ठेवते. मला त्याचा उपयोग नाही."

मग शांतता पसरली. ही शांतता तिच्या चांगल्या ओळखीची होती. समोरच्याच्या डोक्यात उजेड पडतो, जीभ टाळ्याला चिकटते, आणि मग एक लांबलचक 'अरेरे' बाहेर पडतं. लहानपणापासून तिने इतके अरेरे ऐकले होते की नुसत्या सुरावरून माणूस ओळखायची. काही अरेरे मायेचे असतात, काही नुसते सवयीचे, काहींना पुढे 'एवढी चांगली मुलगी' असं शेपूट असतं. ती निमूट वाट बघत राहिली.

"मग बॅटरी खूप वाचत असेल," तो म्हणाला.

तिला ठसकाच लागला. हसू आवरता आवरता तिने इअरफोन काढला. "वाचते. शिवाय बसमध्ये शेजारच्याला माझे मेसेज वाचता येत नाहीत."

"हे भारी आहे. माझ्या फोनमध्ये येतं का असं?"

"कोणता आहे तुमचा?"

"अँड्रॉइड."

"अरेरे," ती म्हणाली.

तर अशी झाली भेट. आता हे दोघं कोण, ते सांगायला हवं. ती हॉस्पिटलची टेलिफोन ऑपरेटर. आतून कुठूनही नऊ दाबलं की तिचा आवाज यायचा, बाहेरून फोन केला तरी यंत्र सांगायचं, ऑपरेटरसाठी नऊ दाबा. त्यामुळे तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कोणाला तरी आठवायचं, एरवी सगळं हॉस्पिटल तिला 'नऊ' म्हणायचं. "नऊला विचार", "नऊ आली का?" कुठला डॉक्टर कुठल्या मजल्यावर सापडेल, कोणता वॉर्ड फोन उचलायला वेळ लावतो, रडणाऱ्या माणसाला आधी पाणी प्यायला सांगायचं की आधी नाव विचारायचं, हे सगळं तिला मुखपाठ होतं. तिचा बोर्ड जुना होता, दणकट बटणांचा, मधल्या पाचावर उंचवटा असलेला. त्या बोर्डापुढे बसली की ती कोणाचंच काही देणं लागत नसे.

आणि तोच बोर्ड आता जाणार होता.

हॉस्पिटलच्या प्रशासक, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत, त्यांनी तिला बोलावून गोड आवाजात सांगितलं होतं, "आता सगळं मोबाइलवर येतंय. कंपनीचा माणूस येऊन दोन्ही सिस्टिम तपासणार आहे, आयफोन की अँड्रॉइड ते ठरेल. तुला जमलं तर उत्तमच. नाही जमलं तर काळजी करू नकोस हं, तुझी सोय करू कुठेतरी."

'सोय करू' हे दोन शब्द तिच्या डोक्यात जाऊन बसले होते. सोय म्हणजे काय, ते तिला पक्कं ठाऊक होतं. एक कोपरा, एक खुर्ची, करायला काही नाही आणि महिन्याच्या महिन्याला पगार. तिला पगार नको होता असं नाही, पण तिला फोन वाजायला हवे होते.

"तुम्ही इकडे कोणाला भेटायला आलात?" तिने डबा बंद करत विचारलं.

"कामाला आलोय. तो नवा ऑपरेटर-ॲप आहे ना, आमच्या कंपनीचा... आयफोनवर चांगला चालतो की अँड्रॉइडवर, त्याची तुलना करायची आहे."

म्हणजे हाच तो. तिची खुर्ची हलवायला आलेला माणूस तिच्याच बाकापाशी उभा राहून बॅटरीची चौकशी करत होता. ती उठली, काठी उघडली आणि म्हणाली, "उद्या सकाळी बोर्डाच्या खोलीत या, तुलनावाले. ऑपरेटर मीच आहे."

दुसऱ्या दिवशी तो आला. नाडी घट्ट बांधलेली होती, हे तिने दारातच ओळखलं. त्याने एक अँड्रॉइड फोन तिच्या हातात दिला, त्यातला पडद्यावरचं बोलून दाखवणारा वाचक सुरू केला आणि ॲप उघडला. तिने बोट उजवीकडे सरकवलं.

"बटण," फोन म्हणाला.

पुन्हा सरकवलं.

"बटण."

"बटण. बटण. बटण. बटण."

"बरंच वैविध्य आहे," ती म्हणाली.

"थांबा, असं कसं..." तो खुर्ची ओढून जवळ आला. त्याच्या शर्टाला इस्त्रीचा वास होता. "इथे फोन जोडायचं चिन्ह आहे, इथे होल्डचं, इथे..."

"चिन्ह तुम्हाला दिसतंय. फोनला कोणी त्याचं नाव सांगितलेलं नाही, मग तो बिचारा काय वाचणार? कोणी केलाय हा?"

त्याने ओढलेली खुर्ची थोडी मागे सरकवली. मग म्हणाला, "मी."

"आणि आयफोनवरचा?"

"माझ्या सहकाऱ्याने. त्याने नावं दिली आहेत. मला वाटलं होतं... खरं सांगू? मला काहीच वाटलं नव्हतं. डोक्यातच आलं नाही."

एवढं सरळ उत्तर तिने अपेक्षिलं नव्हतं. लोक अशा वेळी फोनला दोष देतात, नाहीतर वरच्या साहेबाला. तिचा कालचा राग थोडा सैल झाला. "मॅडमना काय सांगणार मग? अँड्रॉइड वाईट?"

"अँड्रॉइड वाईट नाही. मी वाईट. मला दुपारपर्यंत वेळ द्या."

दुपारी तो धावतपळत आला. "घ्या. एकूण एक बटणाला नाव दिलंय." त्याच्या आवाजात परीक्षेत पहिला आलेल्या पोराचा तोरा होता. तिने बोट सरकवलं.

"हिरवं बटण," फोन म्हणाला. "लाल बटण. वरचं डावीकडचं गोल बटण. बाणाचं चित्र असलेलं करडं बटण."

ती इतकी हसली की बाहेरून जाणारी नर्स आत डोकावून गेली. "अहो तुलनावाले... करडं?"

"करडंच आहे ते," तो हिरमुसून म्हणाला, आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "अरे देवा."

"ते कसं दिसतं ते मला सांगू नका," ती डोळे पुसत म्हणाली. "ते काय करतं ते सांगा."

"काय करतं ते सांगा," त्याने हळूच म्हणून बघितलं. जणू कोणी त्याला एखादी किल्ली दिली होती आणि तो तिचं वजन तोलून बघत होता. संध्याकाळपर्यंत बटणांची नावं झाली होती: जोडा, थांबवा, वॉर्डला द्या, तातडीचं. ती बोट सरकवत गेली आणि फोन शहाण्यासारखा बोलत गेला.

पण नुसत्या नावांनी भागणार नव्हतं. तिचे हात आयफोनला सरावलेले, त्याचे डोळे अँड्रॉइडला. मॅडमनी पुढच्या मंगळवारी चाचणी ठेवली होती. तासभर खरे फोन नव्या ॲपवर घ्यायचे, मग निर्णय. तेव्हा शुक्रवारी बाकावर बसून ती म्हणाली, "आपण फोन बदलू. सोमवारपर्यंत. तुमचा मी वापरते, माझा तुम्ही. पडदा काळा ठेवून. चोरून बघायचं नाही."

"आणि मी हरवलो तर?"

"दोन गोष्टी लक्षात ठेवा. मागे यायचं असेल तर दोन बोटांनी काचेवर नागमोडी घासायचं. तुमच्यात एकच बोट, खाली आणि मग डावीकडे."

"आमचं सोपं आहे."

"तुमच्यात एकाच्या फोनमध्ये सेटिंग एका जागी, दुसऱ्याच्यात भलत्याच जागी. आमच्यात कोणाचाही फोन हातात घ्या, सगळं तिथल्या तिथे."

"आमच्यात बोलणारा आवाजसुद्धा पाहिजे त्या कंपनीचा घालता येतो. तुमच्यात दिला तो घ्या आणि गप्प बसा."

"दिला तो चांगला असेल तर गप्प बसायला काय हरकत आहे? बरं, आणि फोन वाजला की दोन बोटांनी दोनदा टॅप करायचं. कुठेही केलं तरी उचलला जातो."

"हे आमच्यातही तसंच आहे," तो म्हणाला.

"हो का?" तिला उगीचच बरं वाटलं. "चला, एका गोष्टीवर तरी दोन्ही घरांचं एकमत आहे."

फोन हातात देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली... आणि लगेच बाजूला झाली नाहीत. त्याची नखं दाताने कुरतडलेली होती. बसमध्ये चढल्यावरही ते तिच्या लक्षात राहिलं.

आता गंमत बघा. दोघंही फोनमधले जाणकार. एक जण फोनच्या पोटातलं लिहिणारा, दुसरी दिवसभर फोनवरच जगणारी. आणि सिमकार्ड बदलून घ्यायचं दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. घरी पोचते न पोचते तोच पर्समधून घंटी वाजली आणि फोनने मोठ्यांदा जाहीर केलं, "तुमचाच आयफोन कॉल करतोय..." नाही, तेवढा काही तो हुशार नव्हता. त्याने तिचाच नंबर वाचून दाखवला.

"मी तुमच्याच फोनवरून माझ्याच फोनवर बोलतोय," पलीकडून तो रडकुंडीला आला होता. "हा फार भरभर बोलतो हो. किड्यासारखी नुसती किरकिर ऐकू येतेय. तुम्हाला यातलं कळतं?"

"प्रत्येक शब्द. वेग कमी करायचा तर दोन बोटं काचेवर टेकवून किल्ली फिरवल्यासारखी फिरवा."

"फिरवतोय. ते 'अक्षरं' म्हणतंय. आता 'मथळे'. आता... मी कुणाला तरी फोन लावला बहुतेक."

"कुणाला?"

"'दादा' असं म्हणाला. उचलला. ठेवतो, ठेवतो."

तिचा दादा बाहेरच्या खोलीत 'हॅलो, कोण?' म्हणून ओरडत होता आणि वहिनी ओट्यापाशी उभी राहून तोंडात पदर कोंबून हसत होती, ते तिला ऐकू येत होतं. वहिनीने मग हात पुसून तुलनावाल्याचा फोन उचलला आणि पडदा सुरू करून बघितला. "फोटो लावलाय गं त्याने वर. सांगू कसा दिसतो ते?"

"नको," ती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की वहिनीने नुसतंच "बरं बाई" म्हटलं आणि त्यातच सगळं काय ते आलं.

शनिवारी सकाळी फोन परत वाजला. "आई कॉल करत आहे," फोन म्हणाला. ती क्षणभर थांबली. न उचलावा तर त्याची आई काळजी करणार. दोन बोटं, दोनदा टॅप.

"नमस्कार, त्यांचा फोन माझ्याकडे आहे. सोमवारी परत देणार आहे..."

"तू नऊ का गं?" पलीकडचा आवाज खणखणीत होता. "तीच ना, आवाजावरून माणूस ओळखणारी? अगं तीन दिवस मला दुसरं काही ऐकायला मिळालेलं नाही. नऊ फोन अशी घेते, नऊ रडणाऱ्याला अशी शांत करते, नऊने माझा ॲप धुऊन वाळत घातला. मी म्हटलं, कोण आहे ही बया बघू तरी."

ती हसली. मग दोघींचं जे गुऱ्हाळ सुरू झालं ते वहिनीने दोनदा हाका मारल्या तरी थांबेना. आईंनी त्याच्या लहानपणचे सगळे पराक्रम सांगितले, घरातला प्रत्येक रेडिओ त्याने उघडला आणि एकही नीट बंद केला नाही, इथपर्यंत. शेवटी त्या म्हणाल्या, "घरी ये गं एकदा. आमच्या गच्चीवरून संध्याकाळी आभाळ असं दिसतं, बघत बसशील. आणि काय गं, तुझा एखादा फोटो पाठव ना. हा पठ्ठ्या तू कशी दिसतेस ते सांगतच नाही."

आईंना माहीत नव्हतं. तीन दिवस तिच्याबद्दल बोलणाऱ्या मुलाने ही एक गोष्ट सांगितली नव्हती. ती कसंबसं "येईन हं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. त्याला लाज वाटली असेल. दुसरं कारण काय असणार... रविवारभर तो फोन वाजत राहिला आणि तिने तो उचलला नाही.

सोमवारी तो बाकापाशी आला तोच तिने त्याचा फोन पुढे केला. "तुम्ही आईंना सांगितलं नाहीत."

तो काय ते लगेच समजला, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. "नाही."

"का?"

"पहिल्या दिवशी सुचलंच नाही. तुम्ही काय काय करता तेच सांगत बसलो, ते संपेचना. मग सुचलं, तेव्हा... भ्यालो. आई 'अरेरे' म्हणाली असती. मला ते ऐकवलं नसतं."

"तुम्हाला ऐकवलं नसतं?" तिचा आवाज चढला. "मी लहानपणापासून ऐकते. अरेरेने मला काही होत नाही. पण माझ्यातलं काहीतरी कोणी पाठीमागे लपवून ठेवलं ना, की त्रास होतो. मॅडम मला कोपऱ्यात बसवायला निघाल्यात, तुम्ही आईपासून झाकायला. दोघंही माझी सोयच बघताय."

त्याने तिचा आयफोन तिच्याशेजारी बाकावर ठेवला. मग तो म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. चुकलो." आणि गेला. ती बाकावर बसून राहिली. तिला खूप राग आला होता, आणि तो परत फिरेल म्हणून ती कान लावून बसली होती, आणि या दोन्ही गोष्टींचा तिला आणखीच राग आला.

मंगळवारी मॅडमच्या केबिनमध्ये चाचणी सुरू झाली. टेबलावर फक्त एक अँड्रॉइड फोन होता. तुलनावाला कोपऱ्यात उभा होता. मॅडम म्हणाल्या, "आवाज बाहेर ठेव. मला सगळं ऐकायचंय. आणि हे काय, हा तर बंद आहे."

"सुरू आहे, मॅडम," तो कोपऱ्यातून म्हणाला. "बॅटरी वाचते."

तिला हसू येणार होतं, पण फोन वाजला. दोन बोटं, दोनदा टॅप. "नमस्कार, बोला." बाळंतीण वॉर्ड हवा होता, जोडून दिला. रक्तपेढी. हरवलेली छत्री. एका माणसाच्या वडिलांना छातीत दुखत होतं आणि तो पत्ता धड सांगत नव्हता. तिने त्याला सावकाश श्वास घ्यायला लावला, बोट 'तातडीचं'वर नेलं आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत रुग्णवाहिका जोडली. फोन बटणांची नावं पुटपुटत होता, ती माणसांशी बोलत होती, आणि बोटं काळ्या काचेवरून एकदाही न अडखळता फिरत होती. मॅडमच्या पेनाची मघापासून चाललेली टकटक बंद झाली होती. तिला कळून चुकलं की जमतंय. नुसतं जमत नाहीये, तिच्या जुन्या लाडक्या बोर्डापेक्षा सरस जमतंय. तिच्या छातीत असा आनंद भरून आला की पुढच्या नमस्कारात तो सगळ्यांना ऐकू गेला.

"नमस्कार, बोला."

"लागला का?" एक खणखणीत आवाज केबिनभर घुमला. "नऊच ना?"

तिने आवाज तत्क्षणी ओळखला. कोपऱ्यात कोणाचा तरी श्वास अडकला. मॅडमसमोर चाचणी चालली होती, म्हणून ती कामाच्या सुरात म्हणाली, "हो. कोणाला जोडून देऊ?"

"तुलाच. ठेवू नकोस, मोठ्या मुश्किलीने लागलाय. काल संध्याकाळी याने मला सांगितलं. मी अरेरे म्हणाले, खोटं कशाला बोलू. तर याने माझ्याच फोनचा पडदा काळा करून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, आता मला एक फोन लावून दाखव, मग म्हण अरेरे. काल काही जमलं नाही गं. रडायची वेळ आली. आज सकाळपासून बसलेय, एकेक आकडा ऐकून ऐकून लावलाय हा फोन. चार वेळा भलतीकडेच लागला, एक धोबी तर चांगलाच चिडला. आता लागला." त्यांना धाप लागली होती, पण आवाजात तोरा मावत नव्हता. "मी न बघता लावला, बरं का. आणि ते गच्चीवरचं आभाळ राहू दे. वारा चांगला असतो तिथे, त्यासाठी ये."

"फोन केल्याबद्दल आभारी आहे, आई," ती म्हणाली. "येते मी. आता लाईन मोकळी करते, पेशंट असतील." आणि पुढचा फोन घेतला.

तास संपला. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "खाजगी फोन कामाच्या वेळात नकोत," त्या म्हणाल्या, पण त्यांचा आवाज रोजचा गोड नव्हता, साधा होता, आणि तो तिला जास्त आवडला. "बरं. आयफोन की अँड्रॉइड? तुलना कुठाय?"

"मॅडम, वापरायचा त्यांना आहे," तो म्हणाला. "त्यांनाच विचारा."

मॅडमची खुर्ची तिच्याकडे वळली. ती म्हणाली, "दोन्ही घरं राहण्यासारखी आहेत. आयफोनमध्ये सामान आधीच लावून दिलेलं असतं. कुठल्याही घरात शिरा, कपाट तिथेच. फक्त ते आपल्याला फारसं हलवता येत नाही. अँड्रॉइडमध्ये सामान आपण आपलं लावायचं, पण फोन बनवणारा बदलला की कपाटाची जागाही बदलते. मी इतकी वर्षं आयफोनवाली आहे. तरीही अँड्रॉइड घ्या म्हणेन. वॉर्डात सगळ्यांकडे तोच आहे. फक्त तिन्ही पाळ्यांना एकच नमुना घ्या, म्हणजे कपाट हलणार नाही."

"आणि तुझं काय?"

"माझी सोय नका करू, मॅडम. माझी खुर्ची द्या."

केबिनमध्ये शांतता झाली. ही शांतता तिच्या ओळखीची नव्हती. मग मॅडम म्हणाल्या, "खुर्ची तर तुझीच आहे. बाकीच्या दोघी ऑपरेटरना हे सगळं शिकवायचं कामही तुझ्याकडे. उद्यापासून." आणि त्यांनी उठून तिचा हात हातात घेऊन जोरात हलवला.

दुपारी सायकलींच्या पत्र्याखाली ऊन तापलं होतं आणि पत्रा बारीक कडकड करत होता. ती डबा न उघडताच बसली होती. पावलं आली, बाकाच्या दुसऱ्या टोकाला थांबली.

"बसू?"

"बाक हॉस्पिटलचा आहे."

तो बसला. "माझ्या फोनवर माझा फोटो आहे. तुम्हाला कोणी सांगितलं का, मी कसा दिसतो?"

"वहिनी सांगणार होती. मी नको म्हटलं."

"का?"

"सांगायचंच असेल तर तुम्ही सांगा म्हणून."

"मग मी कसा दिसतो ते सांगतच नाही," तो म्हणाला. "मी काय करेन ते सांगतो. तुझ्याबद्दल बोलताना काहीही झाकणार नाही. कोणी अरेरे म्हणालं तर म्हणू देईन, आणि मग त्यांच्या फोनचा पडदा काळा करेन. तू भांडलीस तर निघून जाणार नाही... काल गेलो, ते शेवटचं. आणि आपलं घर झालं ना, तर तुला विचारल्याशिवाय त्यातली एक खुर्चीसुद्धा हलवणार नाही." तो थांबला. "मला तू फार आवडतेस. पहिल्याच दिवशी, तू अरेरे म्हणालीस तेव्हापासून."

तिला उत्तर द्यायचं होतं. दिवसभर शेकडो माणसांशी बोलणारी ती, आणि नेमक्या या फोनला शब्द मिळेनात. तिने बाकावरून हात सरकवला. त्याचा हात तिथेच होता, तळवा खाली. तिने त्याच्या हाताच्या पाठीवर दोन बोटं टेकवली आणि दोनदा टॅप केलं.

मग तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचा आवाज भरून आला, आणि त्याने तिची ती दोन बोटं आपल्या मुठीत घट्ट धरली.

"नमस्कार, बोला," तो म्हणाला.

"मलाही आवडतोस," ती म्हणाली. "फार. नखं कुरतडणं मात्र बंद कर."

सुट्टी संपल्याची घंटा झाली. ती काठी उघडून उठली, दुसरा हात त्याच्या कोपरात घातला, आणि दोघं पायऱ्या चढू लागली. चढताना तिने मुद्दाम कान दिला. नाडीची टिकटिक नव्हती.